वहिनीच्या कॉम्प्युटरचं अपडेट

दादा तापाचं निमित्त होऊन गेला, त्याला दोन वर्षं होत आली तेव्हा वहिनीचं दुसरं लग्न ठरलं. ठरवलं आईनंच. "माझं काय, मी आज हाय उद्या न्हाई. तिनं का म्हणून असं बसून राहायचं?" गावी, तिकोणा पेठेतल्या आमच्या घरात, ती सगळ्यांसमोर म्हणाली. वहिनी आत जाऊन रडली. मी सुट्टीला लोणावळ्याहून आले होते. मीही रडले, पण बाहेर, परसात.

मुलगा बेगडेवाडीचा, कारखान्यात कामाला. वहिनीनं एकच गोष्ट मागितली. भरतकामाचं मशीन आणि त्याचा कॉम्प्युटर तिला बरोबर न्यायचा होता. मशीन दादानंच तिच्यासाठी घेतलेलं. ब्लाउज, साड्यांचे काठ ती भरून द्यायची, आणि नक्ष्या दादा कॉम्प्युटरवर काढायचा. मोर, कोयऱ्या, एकदा तर भाताच्या लोंब्या.

पण मशीन बंद पडून होतं. कॉम्प्युटरवरून मशीनला नक्षी पोचवणारी केबल खराब झाली होती आणि नवी आणलेली जुन्या विंडोजवर चालत नव्हती. कामशेतच्या दुकानदारानं नवा कॉम्प्युटर घ्यायला सांगितलं. दादाच्या नक्ष्यांचं सॉफ्टवेअर मात्र त्याच्या दुकानातल्या नव्या कॉम्प्युटरवर उघडतच नव्हतं.

मी लोणावळ्यात एका हॉटेलचे कॉम्प्युटर सांभाळते. अडचण माझ्या लक्षात आली. मधल्या वर्षांतले अपडेट दादाच्या कॉम्प्युटरवर कधी आलेच नव्हते, म्हणून नवी केबल त्याला ओळखता येत नव्हती. घरात नेट टिकायचं नाही, आणि आता तर इतक्या जुन्या विंडोजला ते आपोआप मिळणंही बंद झालं होतं.

"मी करून देते," मी वहिनीला म्हटलं.

अपडेट एकेक शोधून उतरवायचे, कुठला आधी आणि कुठला नंतर ते लावायचं, आणि सगळ्यांचं मिळून एकच पॅकेज बनवायचं. म्हणजे नेट नसलं तरी पेन ड्राइव्ह लावून एकदा क्लिक केलं की पुढचं आपोआप होईल. हॉटेलनं मोडीत काढलेल्या एका कॉम्प्युटरवर मी तसंच जुनं विंडोज आणि दादाचं सॉफ्टवेअर टाकलं आणि जेवणाच्या सुट्टीत तपासत बसायचे. पहिल्या वेळी अपडेट सगळे बसले, पण नक्ष्या उघडेनात. एकेक काढून बघत गेले तेव्हा अडवणारा अपडेट सापडला. तो वगळून पॅकेज पुन्हा बनवलं, आणि पडद्यावर मोर उघडला.

आनंद व्हायला हवा होता. पण मशीन चालू झालं की ते जाणार, आणि त्याच्याबरोबर वहिनी. पेन ड्राइव्ह पर्समध्ये ठेवून मी पुढची सुट्टी लोणावळ्यातच काढली. त्यापुढच्या सुट्टीला मात्र घरी गेले आणि पेन ड्राइव्ह लावला.

अपडेट बसताना कॉम्प्युटर मधेच बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. दर वेळी आई दारातून विचारायची, "बिघाडलं का गं?"

"नाही आई, असंच असतं."

वहिनी माझ्याशेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "ताई, तुमी माझ्यावर रागावला न्हाई ना?"

"कशासाठी?"

"मी चाललीया म्हणून."

"नाही गं." राग नव्हताच. ती जायला नको होती, एवढंच. आणि तिनं जावं हेही मलाच पटत होतं.

नवी केबल चालली. वहिनीनं पांढरं कापड लावलं आणि लोंब्यांची नक्षी निवडली. सुई खालीवर व्हायला लागली तशी आई आत येऊन बसली.

"ही त्यानंच काढल्याली ना?"

"व्हय, आत्या."

आई नक्षी पुरी होईपर्यंत हलली नाही. मग तिनं कापडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "घेऊन जा. हितं कोण चालवणार हाय?"

लग्न साधंच झालं. टेंपोत मशीन चढवताना आईनंच त्याखाली दादाची गोधडी अंथरली, खड्ड्यांत आदळू नये म्हणून.

दिवाळीनंतर वहिनीचा फोन आला. मी तेव्हा आईजवळच होते. मशीन झकास चालतं, कामं लय येतात म्हणाली. मग आवाज हळू केला.

"ताई, एक विचारायचं व्हतं. कॉम्प्युटर चालू केला की आधी ह्यांचं नाव येतं. म्हंजी… तुमच्या दादाचं. हितं कुणी काय बोलत न्हाई. पर सगळी बघत्यात. ते बदलता येतं का?"

येतं, मी म्हटलं. कुठं जायचं, काय दाबायचं, ते एकेक करून सांगितलं. ती पलीकडून "व्हय, व्हय" करत होती. शेवटी नवं नाव टाकायची जागा आली. मग तिनं तिचं स्वतःचं नाव टाकलं. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "बरोबर आहे. आता ओके दाब."

फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, "काय म्हनतीया?"

"मशीन चांगलं चालतंय म्हणाली."

"आणि ती?"

"तीही बरी आहे," मी म्हटलं. आईनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी तिच्या अंगावर चादर घातली आणि पायाशी बसून राहिले.