मामांचा हात वर

मी कीबोर्ड उत्तम वाजवते. हे खात्रीनं सांगू शकणारी जगात एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे मी. कारण मी हेडफोन लावून वाजवते.

दिग्रसच्या आमच्या घरात, मागच्या खोलीत, दार लोटून माझा हा उद्योग कॉलेजपासून चालू आहे. मोबाइलवर एक ॲप आहे. ते टकटक करत ठेका देतं, चुकलं की लाल दिवा दाखवतं आणि कोणाला सांगत नाही. माझ्या स्वभावाला ही शेवटची सोय फार मानवली. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र एक मुलगी प्लास्टिकच्या फळीवर मुकाट बोटं आपटते आहे, एवढंच दिसतं. बाबा कितीतरी दिवस मी टायपिंगच्या परीक्षेला बसणार आहे असं समजून होते.

हे गुपित आईनं फोडलं. फुलसावंगीच्या मामांना तिनं फोनवर सांगितलं, "दादा, आमची प्रज्ञा काय वाजवते म्हणून सांगू! बोटं दिसत नाहीत!" (खरं तर तिला बोटं तेवढीच दिसली होती. ऐकू काहीच आलं नव्हतं.)

मामांची गावात गायन पार्टी आहे. पार्टी म्हणजे मामा गायला, मामेभाऊ निखिल ढोलकीला, मामी कोरसला आणि शेजारचे एक काका पेटीवर. दर वर्षी भीमजयंतीला विहारासमोर संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम व्हायचाच. पण पेटीवाले काका मुलीकडे पुण्याला गेले ते तिथलेच झाले. इकडे मंडळातल्या पोरांना कधीपासून डीजे आणायचा होता. मंडळाचा सचिव विक्की मामांना म्हणाला होता, "मामा, यंदा पेटीवाला भेटला तर गा तुमी. नाही भेटला, नाहीतर जमलं नाही, तर पुढच्या सालापासून डीजे. मंग नाराज नाही व्हायचं." मामांनी ते हसून घेतलं, असं मामी सांगत होत्या. पण त्या रात्री मामा जेवले नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.

त्यामुळे मामांचा फोन आला तेव्हा 'नाही' म्हणायला जी ताकद लागते ती मी गोळा करेपर्यंत 'हो' म्हणून झालं होतं.

मामांनी गाण्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. घरीच केलेलं. मागं कुकर, कोंबड्या, कोणाचा तरी टीव्ही. मी शिस्तीची मुलगी. (इंग्रजी शाळेनं मला दोन गोष्टी दिल्या: शिस्त आणि प्रत्येक वाक्याआधी सॉरी.) मी ते रेकॉर्डिंग ॲपमध्ये घालून सगळा गोंगाट पुसून काढला. मामांचा आवाज स्वच्छ निघाला आणि मी त्यावर तुटून पडले. दुसऱ्या कडव्यात तर एक जागा अशी सापडली की मी थक्क झाले. ओळीच्या मध्यावर मामा एकदम थांबतात. पूर्ण शांतता. मग हळूच पुढचा शब्द उचलतात. वा! खेड्यातला गायक आणि शांततेचा असा वापर! ती शांतता मी मन लावून बसवली. श्वाससुद्धा मोजून ठेवला.

एका रविवारी आई आणि मी कीबोर्ड गोधडीत गुंडाळून एसटीनं निघालो. पुसदला गाडी बदलताना कंडक्टरनं त्या गाठोड्याकडे बराच वेळ पाहिलं. "बाई, कोनाले निजवून घेऊन चालल्या?"

"बाजा आहे," आई म्हणाली.

"मंग उठवू नका गाडीत," कंडक्टर म्हणाला आणि पुढे गेला. मला वाटतं, त्या दिवसातला सगळ्यात शहाणा सल्ला तोच होता.

मामांच्या घरापुढच्या छपरीत सतरंजी अंथरलेली होती. मी कीबोर्ड मांडला आणि पहिला प्रश्न विचारला, "मामा, सॉरी, तुमची पट्टी कोणती?"

मामा विचारात पडले. "जेवायच्या आधीची का जेवल्यावरची?"

मी निखिलकडे पाहिलं. तो अगदी गंभीर होता. "ताई, जेवल्यावर बाबा एक पट्टी खाली येतात. पुरनपोळी असली तर दोन."

"आज काय आहे?"

"वांग्याची भाजी," आतून मामी ओरडल्या. "वरच्यातच धरा!"

गाणं सुरू झालं. पहिल्याच ओळीत माझं बोट चुकलं. घरी चुकलं की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. इथंही केलं. मामा तिसऱ्या ओळीत, मी पहिल्या ओळीत, निखिल आमच्या दोघांच्या मधे कुठेतरी, रस्ता ओलांडू न शकलेल्या माणसासारखा. मी म्हटलं, "सॉरी." सॉरी म्हणेपर्यंत आणखी एक ओळ निघून गेली. त्या ओळीबद्दलही सॉरी म्हटलं.

"सॉरी कायले म्हनून राह्यली व?" मामी कोरसमधूनच म्हणाल्या. "गान्यात तो शब्द नाही!"

"चूक झाली तर होऊ दे," मामा म्हणाले, "पन गाडी सोडू नको. धावत ये अन् पकड."

दुसरं कडवं आलं. माझी जागा आली. मी डोळे मिटले, दोन्ही हात अलगद वर उचलले आणि ती सुंदर शांतता वाजवली. म्हणजे काहीच वाजवलं नाही. मामा एकटेच पुढे गेले, चार शब्दांवर त्यांना पायाखाली काही नाही असं जाणवलं आणि तेही थांबले. ढोलकी धडपडली.

"काहून थांबली?"

"तुम्हीच थांबता ना मामा इथं."

"मी? कवा?"

मी अभिमानानं मोबाइल काढला. माझी स्वच्छ प्रत ऐकवली. शांतता आली, गेली. सगळे चकित. मग निखिलनं स्वतःच्या मोबाइलवरचं मूळ रेकॉर्डिंग लावलं. त्याच जागी, कोंबड्यांच्या वर, मामींचा आवाज खणखणीत आला: "अवो, दूध उतू चाललं, गॅस बंद करा ना!" मग मामांची पावलं, गॅसचा कट् आवाज, पावलं परत आणि पुढचा शब्द.

ॲपनं दूध पुसलं होतं. जे उरलं त्याला मी कला समजले.

मामी हसता हसता भिंतीला टेकल्या. आई "शिकली-सवरली पोरगी आहे, मन लावून करते," असं काहीतरी म्हणत होती. त्यानं हसू आणखी वाढलं. मला त्या सतरंजीखाली जायचं होतं.

पण माझ्या मनात वेगळंच काही चाललं होतं. मागच्या खोलीत चूक झाली की ती माझ्याजवळच राहायची. मी तिला पुसायची, दार उघडून जेवायला जायची. इथं मी चुकले की मामा अडखळत होते, निखिलचा हात हवेत राहत होता. माझी चूक दुसऱ्याच्या अंगावर पडते, हे मला कोणत्याही लाल दिव्यानं दाखवलं नव्हतं.

म्हणून पुढच्या वेळी मी ठरवलं, आता अजिबात चुकायचं नाही. डोळे घट्ट मिटले आणि वाजवत सुटले. मुखडा, कडवं, मुखडा, कडवं. एकही चूक नाही! शेवटचा सूर लांबवून मी डोळे उघडले, तर समोर सगळे चहा पीत बसलेले. शेजारचे कोणी भाऊ आले होते. मामांनी अर्ध्या ओळीत गाणं सोडून त्यांना "या, बसा" म्हटलं होतं, चहा झाला होता, त्यांच्या सोयाबीनची चौकशी झाली होती.

"थांबवलं का नाही मला?"

"आमाले वाटलं, तुझा रियाज चालू आहे," मामा म्हणाले.

तेव्हा निखिलनं मला पार्टीचा नियम सांगितला. "ताई, आपल्याकडे कोणी पाहुना आला तर गानं थांबते. पह्यले मानूस, मंग गानं. बोटाकडे नको पाहत जाऊ, बाबांकडे पाहत जा. त्यांचा हात वर गेला की थांबायचं, खाली आला की उचलायचं. बस."

एवढंच! मी जन्मात कोणाकडे सरळ पाहिलेलं नाही; आता एका माणसाकडे सारखं पाहायचं होतं. पुढच्या रविवारी मी पाहिलं. पापणी न लववता पाहिलं. मामी म्हणाल्या, "माय वं, नजर लागीन त्यायले!" पण गाणं जमलं. पहिल्यांदाच मला मामांचा श्वास माझ्या बोटांच्या आधी ऐकू आला.

जयंतीची संध्याकाळ. विहारासमोर अख्खं गाव. मागं खांबाला टेकून, हाताची घडी घालून विक्की उभा. त्याच्या चेहऱ्यावर पुढच्या वर्षीचे मोठे मोठे स्पीकर आत्ताच दिसत होते. मामा मला म्हणाले, "प्रज्ञा, हात सोडजो नको." मी म्हटलं, "नाही मामा, हातावरच नजर आहे."

तीच चूक झाली.

पहिली ओळ झाली आणि मामांना गर्दीत कोणी ओळखीचं दिसलं. छपरीत पाहुणा चार हातांवर असतो. त्याला 'या' म्हटलं की झालं. इथं लोक लांब. मामांनी गाता गाताच हात उंच केला, मनातल्या मनात जय भीम केला. हात वर! मी थांबले. मी थांबले म्हणून निखिल थांबला, मामी थांबल्या आणि मामांचा आवाज एकटाच विहाराच्या भिंतीवर आपटून परत आला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी इमानदारीनं त्यांच्या हाताकडे पाहत होते.

पण मामा जुने गडी. माइक जवळ घेऊन म्हणाले, "आपल्या कार्यक्रमाले वसंताभाऊ आले आहेत. त्यायचं स्वागत!" टाळ्या पडल्या. वसंताभाऊ उभे राहिले, लाजले, बसले. हात खाली आला, मी उचललं.

दोन ओळी, आणि हात वर. पुन्हा थांबणं, पुन्हा स्वागत. मग मामांनी कपाळाचा घाम पुसला. हात वर! कोणाचं स्वागत करावं ते मामांना सुचेना, तेव्हा त्यांनी मंडपवाल्याचं केलं. मग दिव्यावरचा एक किडा त्यांच्या कानाशी आला आणि ग्रामपंचायतीच्या शिपायाचं स्वागत झालं.

"हे गानं हाय का एसटी?" मामी माझ्या कानाशी पुटपुटल्या. "हात दाखवा, गाडी थांबवा!"

"मामी, हात वर आहे!"

"अवं, मच्छर मारून राह्यले ते!"

पण आता लोकांनाच गोडी लागली होती. ज्याचं स्वागत राहिलं होतं तो मान उंच करून मामांच्या नजरेत यायला धडपडू लागला. मागचे पुढे सरकले. बाया एकमेकींना ढोसत होत्या, "उभी राह्य ना, म्हंजे दिसशीन!" शेवटी मामांचा हात पार मागं, खांबाकडे गेला. संगीत थांबलं. "आपल्या मंडळाचे सचिव, आपले विक्कीभाऊ!" सगळं गाव वळून पाहू लागलं. विक्कीची घडी सुटली. त्यानं शर्ट सारखा केला, हात जोडले, आणि टाळ्या संपल्या तरी जोडलेलेच ठेवले.

कार्यक्रम संपला तेव्हा आम्ही एकच गाणं वाजवलं होतं आणि त्याचं शेवटचं कडवं राहिलं होतं. विक्की मंचाशी आला. म्हणाला, "मामा, पुढच्या सालीही तुमीच. डीजेवाला कोनासाठी थांबत नाही."

मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोक्यावर ठेवायलाही हात आधी वर न्यावा लागतो, त्यामुळे क्षणभर मी श्वाससुद्धा घेतला नाही.

मी कीबोर्ड गोधडीत बांधत होते, तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत आली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. माझं वाजवणं ऐकून कोणी परकं माणूस जवळ येण्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ. माझे डोळे भरून आले.

"पोरी," ती म्हणाली, "वाजवतं बरं तू. पन थांबतं लय चांगली."