वायरमनचा टेस्टर

वायरमन मेन स्विच स्वतःच्या हातानं बंद करत आणि तरीही तारेला हात लावण्याआधी टेस्टर टेकवून बघत. "तुम्हीच बंद केलंत ना?" मी एकदा विचारलं. म्हणाले, "केलंय की. पण बाई, ते मला ठावं हाय. तारेला ठावं हाय का?"

मुलांनो, त्यांना नाव होतं, पण अख्खं घाटनांदूर त्यांना वायरमनच म्हणे. नोकरी संपल्यावर ते मोबाइलवर बघून बघून वेबसाइट करायला शिकले. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींसाठी आम्ही वसतिगृह चालवत होतो. त्याची वेबसाइट त्यांनीच उभी केली. मुलींचे अर्ज नि जन्मदाखले स्कॅन करून चढवायचं काम माझं. तुमच्या आजीचा नीटनेटकेपणा तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक फाइलला मुलीचं नाव, गाव, इयत्ता. सगळं एका साच्यात.

एका सकाळी ते वसतिगृहाच्या पायरीवर बसले आणि स्वतःच्या फोनवर, लॉगिन न करता, माझ्या त्या साच्याप्रमाणे एका मुलीचं नाव-गाव टाइप केलं. तिचा अर्ज उघडला.

"कपाट लई छान लावलंय, बाई," ते म्हणाले. "पण लावलंय रस्त्यावर."

त्या मुलीचं लग्न नववीतच ठरवलं होतं. तिच्या आईनं तिला गुपचूप आमच्याकडे आणून सोडलं आणि आम्ही तिला दुसऱ्या गावच्या शाळेत हलवलं. तिचा चुलता गावोगाव चौकशी करत फिरत होता. आणि त्या अर्जावर नव्या शाळेचं नाव मी सुवाच्य अक्षरात लिहिलेलं!

"आधी सामान आत घेऊ, भांडण मागून." वायरमननी सगळ्या फाइली वेबसाइटवरून उतरवल्या. मग कोणी कधी काय उघडलं याची सर्व्हरवरची नोंद ओळ न ओळ वाचत बसले. दुपारी मान वर केली. "तुमी आन् मी. तिसरं कुणी न्हाई."

आता फाइली ठेवायला जगाला दिसणाऱ्या फोल्डरच्या बाहेर जागा हवी होती. पण वेबसाइटला जागा भाड्यानं देणाऱ्या होस्टिंग कंपनीचं कंट्रोल पॅनेल त्या फोल्डरबाहेर पाऊलच टाकू देईना. कंपनीनं कळवलं, फोल्डरला पासवर्ड लावा. लावला. पॅनेलवर हिरवी खूण आली: सुरक्षित. मी आनंदानं चहा टाकायला उठले.

"थांबा बाई." त्यांनी फोन काढला. फोल्डरनं पासवर्ड मागितला खरा; पण आत ठेवलेल्या एका कोऱ्या अर्जाचा पूर्ण पत्ता टाकताच तो खुशाल उघडला. "बघा! फाटकाला कुलूप, आन् कुंपणच न्हाई."

त्यानंतर आठ दिवस आम्ही कंपनीला लिहीत राहिलो. इंग्रजी माझं, हट्ट त्यांचा. प्रत्येक उत्तराची सुरुवात 'प्रिय ग्राहक' अशी. वायरमन वैतागत, "प्रिय कावून म्हणतंय हे? ऐकत तर न्हाई!" अखेर तिथल्या एका भल्या माणसानं बाहेरची जागा उघडून दिली. लॉगिन केल्यावरच फाइल हातात देईल असा छोटा प्रोग्रॅम वायरमननी लिहिला. मग पुन्हा पायरी, पुन्हा फोन. पडद्यावर आलं: 'पान सापडले नाही.'

त्या ओळीकडे ते देवदर्शन झाल्यासारखे बघत राहिले, आणि मी त्यांच्याकडे. ज्या पोरीला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, तिच्यासाठी हा माणूस आठ दिवस नीट जेवला नव्हता.

गेल्या वर्षी वायरमन गेले. त्यांच्या सुनेनं त्यांचा टेस्टर मला आणून दिला. माझ्या पेनांच्या डब्यात तो उभा असतो. परवा ती मुलगी आली. अठरा पूर्ण झालेली, नर्सिंगच्या प्रवेशासाठी जन्मदाखल्याची प्रत हवी होती. मी लॉगिन करून काढून दिली.

ती गेल्यावर लॉगआउट केलं, फोन घेऊन पायरीवर बसले आणि तिचं नाव-गाव टाइप केलं.

पान सापडले नाही.

"बंद आहे, वायरमन," मी म्हटलं. "बघितलं मी."