आमचे तूसाहेब

आमच्या खोक्यांच्या फॅक्टरीत, म्हणजे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, महिन्याला एक फायर ड्रिल होतं आणि एक किस्सा होतो. ड्रिलची नोंद सेफ्टीवाले ठेवतात. किश्श्यांची कुणी ठेवत नाही, म्हणून ते माझ्याकडे साठत जातात. सध्या ढीग एकाच माणसाचा आहे : आमचे क्वालिटी मॅनेजर.

*

ते अमेरिकेहून आले. पहिल्या दिवशी शॉप फ्लोअरवर येऊन त्यांनी सुपरवायझर कदमांपुढे हात केला.

"हॅलो, आय ॲम तू."

कदम साताऱ्याचे. त्यांनी हात मिळवला आणि नम्रपणे सांगितलं, "नो सर, आय ॲम कदम!"

नावच ते होतं. तू वांग. मॅनेजरला नुसतं 'तू' कसं म्हणायचं? दोन दिवस चर्चा होऊन 'तूसाहेब' ठरलं. उद्धटपणा आणि अदब एकाच शब्दात!

*

इथे प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एक प्रश्न विचारतात : मूळचे कुठले?

पँट्रीत तूसाहेबांनी चहा ढवळत सगळं सांगितलं. पासपोर्ट अमेरिकेचा. वाढले मिनेसोटात. जन्म थायलंडमधल्या निर्वासितांच्या छावणीत. आईवडील लाओसच्या डोंगरातले, तिथल्या लढाईत गाव सुटलं. त्यांचे पूर्वज चीनमधून आलेले. लोक मोंग. मोंगांचा देश? तो नाही.

"पण सुट्टीत गावी कुठे जाता?" कदमांनी विचारलं.

तूसाहेब पुन्हा चहा ढवळू लागले. तेवढ्यात व्हिसाची कामं बघणारे आमचे पीआरओ अबू सामी पुढे आले. ते पॅलेस्टिनी, जन्म कुवेतचा, पासपोर्ट जॉर्डनचा.

"खलास, हबीबी," ते म्हणाले. "ज्याला हे सांगायला अख्खा चहा लागतो, तो आपला माणूस!"

*

कदमांचं मात्र समाधान झालं नव्हतं. एकदा तूसाहेबांच्या डब्यात हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, सगळं खलबत्त्यात कुटलेलं दिसलं. कदमांनी न विचारता बोट लावलं. मग डोळे मिटून निकाल दिला :

"माणसं घाटावरचीच आहेत. पण यात माशाचं पाणी आहे. म्हणजे सोयरीक कोकणात झालेली!"

*

डिस्पॅचच्या शुभांगी मॅडम माहेरच्या सुनंदा. लग्नात नाव बदललं, हे त्यांनी तूसाहेबांना जेवताना सांगितलं.

"आमच्यातही बदलतात," तूसाहेब म्हणाले. "मुलंबाळं झाली की सासूसासरे नवं नाव देतात."

"सुनेला?"

"जावयाला."

मॅडमनी चमचा खाली ठेवला.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमच्यात एखादं स्थळ आहे का? मुलगी इंजिनिअरिंगला आहे. आम्ही थांबू."

*

मग तूसाहेबांची आई व्हिजिटवर आली. सत्तरीची, ठेंगणी. पहिल्याच दिवशी ती सगळ्यांची आजी झाली.

आम्ही घरी भेटायला गेलो तेव्हा भिंतीवर तिनं भरतकाम केलेलं मोठं निळं कापड होतं. वर डोंगर, मका, विमानं. मध्ये आडवी नदी. खाली छावणीचं कुंपण. माझी आठ वर्षांची इरा त्याच्यापुढे उभी राहून बोटानं मोजत होती. नदीच्या वरच्या काठावर एका कुटुंबाची नऊ माणसं होती. तेच कपडे घातलेली माणसं खालच्या काठावर सहा.

"डिड यू रन आउट ऑफ थ्रेड?" तिनं आजीला विचारलं.

तूसाहेबांनी ते आईला तिच्या भाषेत सांगितलं. आजीनं कापडाकडे पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला.

"यस," तूसाहेबांनी भाषांतर केलं.

आजीनं इराला आणखी एक बिस्किट दिलं.

*

दत्ताराम आमचा मशीन ऑपरेटर, कणकवलीकडचा. एकदा कागदाचा अख्खा रीळ सुटून त्याच्यापासून हातभर अंतरावर आदळला. अंगाला ओरखडा नाही. पण त्या दिवसापासून दत्ताराम बोलेना. जेवण पुढ्यात तसंच. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल. तीन आठवड्यांनी एचआरनं त्याचा व्हिसा कॅन्सल करायचे कागद काढले. घरी दोन मुली शिकणाऱ्या.

तूसाहेबांनी हे आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आजी वाटीभर तांदूळ, एक अंडं आणि उदबत्ती घेऊन आली. कागदाच्या फॅक्टरीत उदबत्ती! सेफ्टीवाल्यांनी तिला गेटबाहेर पाठवलं. तिथे उन्हात उभी राहून तिनं दत्तारामला नावानं हाका मारल्या. दत्ताराम शेजारीच उभा होता. तरी तिची नजर रस्त्याकडे.

अर्ध्या तासानं ती थांबली.

"त्याचा जीव इथे नाही," तूसाहेबांनी आम्हाला सांगितलं. "घाबरून घरी गेलाय. आईकडे."

तूसाहेब तडक एचआरकडे गेले आणि कॅन्सलेशनऐवजी रजेचा फॉर्म मागितला. कारणाच्या रकान्यात लिहिलं : सामान गावी राहिलं आहे.

"कुरियरनं नाही येणार?" एचआर मॅडमनी विचारलं.

"नाही. त्यालाच जावं लागेल."

पंधरा दिवसांनी एअरपोर्टवर त्याला आणायला मी, तूसाहेब आणि आजी कंपनीची व्हॅन घेऊन गेलो. दत्ताराम बॅग ओढत बाहेर आला आणि लांबूनच ओरडला, "सायबानू, कुळीथ आणलंय!"

आजीनं त्याच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला.

ड्रायव्हर गुलखाननं वही काढली, दत्तारामकडे बोट केलं. "सवारी एक?"

आजीनं दोन बोटं दाखवली.

गुलखाननं दरवाजाकडे पाहिलं आणि दोन लिहिलं.

दत्ताराम आत चढला आणि खिडकीकडे सरकून बसला.