ट्रेलरचा खिळा

तारोडीच्या निकोलसच्या सगळ्या काकांच्या होड्या होत्या, पण या पठ्ठ्याला बोट लागायची! किनारा सुटला की ओकाऱ्या सुरू. गावाने हसून हसून बेजार केलं, तेव्हा वैतागून छत्तीस साली तो घोडबंदरच्या रतनशी शेठच्या लॉरीवर क्लीनर झाला, आणि तीन वर्षांत ड्रायव्हर.

समुद्रात नाही जमलं ते चिखलात जमलं. मागच्या चाकांना साखळ्या गुंडाळायच्या, टायरची थोडी हवा सोडायची, एकदा गिअर टाकला की पाय हलवायचा नाही आणि ब्रेकचं तर नावच काढायचं नाही. लढाई सुरू झाली तशी शेठला खाडीच्या धक्क्यावर दगड पोचवायचं काम मिळालं. एका लॉरीने भागेना, म्हणून त्याने मागे जोडायला दोन चाकांचा ट्रेलर आणला. लोक त्याला लॉरीची शेपटी म्हणायचे. लॉरी आणि शेपटी यांना जोडणारा होता अंगठ्याएवढा जाड, हातभर लांब असा एकच लोखंडी खिळा.

धक्क्याकडे जायची जवळची वाट काशीगावच्या बांधावरून होती. बांध मातीचा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती. त्यावर लॉरी घालायची म्हटल्यावर गाव भडकलंच. तेव्हा बाळा पाटील उभा राहिला. हा बाळा मिठागरात काम करायचा आणि त्याचं स्वतःचं शेत अगदी बांधाला लागून होतं. "निकलाव चालवणार आसंल तर माजी जबाबदारी," तो म्हणाला. गावाने वाट दिली.

पावसाळ्यात मिठागर बंद, म्हणून बाळा लॉरीच्या पुढे अनवाणी चालायचा. मिठागरातल्या माणसाची टाच ती! वरची खपली कडक असो की ओली, टाच दाबली की खाली घट्ट आहे का पोकळ, त्याला कळायचं. तो जिथे पाय ठेवी, तिथेच निकोलस चाक घाली. दोघांचं असं जमलं की बोलायचीही गरज पडेना. बाळाच्या शेतातल्या पहिल्या लोंब्या दर ऑक्टोबरात निकोलसच्या घरी यायच्या. आगेऱ्याच्या सणाला नवं भात देवळात नेऊन फादरकडून आशीर्वाद घ्यायचा असतो, आणि निकोलसकडे वितभरही शेत नव्हतं. बदल्यात त्याची बायको कार्मिन सुके बोंबील पाठवायची.

त्रेचाळीस सालच्या भाद्रपदात, अमावस्येला, उधाणाची भरती होती. भात नुकतं निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या. बाळाने टाच दाबली आणि हात वर केला. "आज शेपटी सोड. दोन खेपा कर."

"अरे, काय घाबरतोस! शंभर वेळा गेलोय," निकोलस म्हणाला आणि गिअर टाकला.

बांधाच्या मधोमध ट्रेलरचं डावं चाक बसलं. नुसतं बसलं नाही, बांधाची कडच घेऊन खाली गेलं. फटीतून खाडीचं पाणी शेताकडे वाहायला लागलं. बाळा फटीत उतरला, छातीने पाणी अडवत ओरडला, "निकलाव, खिला काढ! शेपटी हितंच पाड! दगडानं बुजंल!"

निकोलस धावला. त्याने खिळा धरला, ओढला, आणि खिळा अर्धा वर आलासुद्धा! आता एक झटका द्यायचा, बस्स. पण त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे शेठ आला. नवा ट्रेलर खाडीत घातला तर उद्या लॉरी नाही. लॉरी नाही तर पुन्हा काकांची होडी, पुन्हा त्या ओकाऱ्या, पुन्हा गावाचं हसणं. त्याने खिळा तळहाताने परत खाली दाबला.

"वाकलाय रे! निघत न्हाय! गाडी पुढं घेतो, मग दगड टाकू!"

बाळाने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? तो बाजूला झाला. लॉरीने ट्रेलर खेचून बाहेर काढला, आणि जी फट ट्रेलरने निम्मी अडवून धरली होती, तिचं खिंडार झालं. दोघांनी हाताने दगड फेकले, तिवराच्या फांद्या कोंबल्या. उधाणापुढे काय टिकणार? दुपारपर्यंत बाळाच्या शेतात कमरेएवढं खारं पाणी होतं.

गावाने बाळाला फाडून खाल्लं. तो एकच सांगत राहिला, "निकलावनं लय धडपड केली. खिलाच वाकला, त्याला तो तरी काय करणार?" आणि रतनशी शेठ? तो ट्रेलरभोवती फिरला आणि म्हणाला, "अरे भाई, पाडायचा ना पाण्यात! माणसाचं शेत गेलं. लोखंड काय, दुसरं आलं असतं."

हे ऐकून निकोलसला रडू कोसळलं. फादरपाशी त्याने कबुली दिली. फादर म्हणाले, बाळाला सांग. सांगतो सांगतो म्हणत चार पावसाळे गेले. त्या चार पावसाळ्यांच्या गोड्या पाण्याने बाळाच्या जमिनीचं मीठ धुऊन निघालं. निकोलसच्या तोंडून मात्र शब्द निघाला नाही. लढाई संपली, ट्रेलर भंगारात गेला. खिळा तेवढा निकोलसच्या पेटीत राहिला होता. फेकवेना, बघवेना. शेवटी कार्मिनलाच तो सापडला, आणि तिने तो मागच्या दाराच्या कोयंड्यात अडसर म्हणून घालायला घेतला. तिला बिचारीला काय माहीत!

सत्तेचाळीसच्या ऑक्टोबरात, सणाच्या दिवशी, बाळा स्वतः लोंब्या घेऊन आला. चार वर्षांतलं पहिलं पीक! देवळातून आल्यावर कार्मिनने त्याला आग्रहाने जेवायला बसवलं. जेवता जेवता तो तिला पुन्हा तीच गोष्ट सांगत होता, खिळा कसा वाकला, निकोलस कसा धडपडला. आज सांगायचंच, निकोलसने ठरवलं. हा जेवून उठला की सांगतो.

बाळा उठला, हात धुवायला मागच्या दाराशी गेला.

"बाळाभाऊ, तो खिला वर ओढा," कार्मिन आतून म्हणाली. "यांच्या त्या जुन्या शेपटीचा हाय."

बाळाने खिळा ओढला. अलगद निघाला. त्याने तो हातात फिरवला, उजेडाकडे धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला, अंगठा फिरवला. मग दाराशी ठेवला, हात धुतले, आत येऊन कार्मिनला "येतो बाय" म्हणाला आणि निघाला. निकोलस उंबऱ्यापर्यंत गेला. "बाळा," एवढंच त्याला म्हणता आलं. बाळा थांबला नाही.

पुढच्या ऑक्टोबरातही लोंब्या आल्या. घेऊन आली होती बाळाची बायको, शांती.

"बाळा न्हाय आला?" निकोलसने विचारलं.

"मिठागरात काम हाय म्हनालं," ती खाली बघत म्हणाली.

निकोलसने लोंब्या दोन्ही हातांनी घेतल्या. मिठागरं दिवाळीनंतर सुरू होतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.