बाभळीखालचा चेंडू

भवानी पेठेतल्या शाळेत मी बावीस वर्षं मुलींना कबड्डी शिकवली. ‘डोकं थंड ठेवा गं’ असं ओरडून घसा बसायचा माझा. पन्नाशीत गोल्फ शिकले, तेव्हा कळलं की हे सांगणं सोपं.

आमचं मैदान शहराबाहेरच्या माळावर, नऊ होलचं. पाणी नाही म्हणून होलभोवती हिरवळीऐवजी तेल घातलेली वाळू. क्लबच्या स्पर्धेत मी अंतिम फेरीला पोचले. समोर एक निवृत्त साहेब, क्लबचे जुने सभासद.

सातव्या होलला त्यांचा चेंडू बाभळीच्या झुडपाखाली गेला. त्यांनी बुटाच्या टोकानं तो हळूच मोकळ्यावर ढकलला. मी वीस पावलांवरून पाहिलं.

“साहेब, चेंडू हलवलात तुम्ही.”

“काय बोलता मॅडम? उन्हात भास होतात.” ते हसले. “चिडू नका, खेळ बिघडेल.”

समितीवाल्यांना बोलावलं. ते म्हणाले, “साक्षीदार कोण?” कुणीच नव्हतं. मी तशीच रागात पुढे निघाले. पुढच्या होलला दीड फुटावरून चेंडू आत घालायला चुकले आणि मी हरले. वर साहेबांनी सगळ्यांसमोर उपदेश केला, “मन शांत ठेवायला शिका.” कानशिलं तापली माझी.

घरी नवरा म्हणाला, “लई मनावर घेऊ नकोस की. खेळच हाय.”

“मग त्यांना सांग की खेळच आहे म्हणून!” मी ताट सरकवलं.

पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत पुन्हा तेच समोर आले. राग तसूभरही कमी झाला नव्हता. पण या वेळी मी तोंड उघडलं नाही. त्यांचा चेंडू जिथं पडेल तिथं त्यांच्याआधी जाऊन, हात मागे बांधून उभी राहायचे.

“इतकं जवळ कशाला?” तिसऱ्या होलला ते खेकसले.

“बघायला.”

पाचव्यापासून त्यांचे फटके वाकडे जायला लागले. माझा नंबर आला की मी एकदा श्वास सोडायचे आणि फक्त चेंडूकडे बघायचे. एकच होल उरला असताना मी दोन होलनं पुढे होते, म्हणून आठव्यालाच सामना संपला. मी जिंकले.

समितीतले एक गृहस्थ पेढे घेऊन आले. “काय संयम हो तुमचा!”

“संयम कसला?” मी म्हणाले. “मागच्या वर्षी तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला असता, तर आज पहारेकऱ्यासारखं उभं राहायची वेळ आली नसती.”

त्यांनी पेढ्याचा बॉक्स तसाच धरून ठेवला. मी बॅग उचलून गाडीकडे निघाले.