सेठच्या मोटरीची सीट

"मोटर तुले देल्ली. सीटा भेटणार नाईत."

सेठ हे बोलला तेव्हा मोटरीचे कागद माह्या हातात होते. सह्या झालत्या. वर्ध्याले, त्याच्या जिनिंगच्या आवारात, सकाळच्या पारी. मोटर फाटकाकडे तोंड करून उभी होती, आणि तिच्यातल्या दोन्ही सीटा काढून कडुलिंबाखाली टाकल्या होत्या. सीटांच्या जागी सरकीचं रिकामं पोतं आंथरलं होतं.

"काऊन, सेठजी?"

"आमची माय बसे त्याच्यावर. लेकीसुना बसल्या. उद्या तुमच्या वस्तीतले लोक बसतीन, ते मले पाहवणार नाई. जाळून टाकतो." मग हसला. "तुले तं पोत्याची सवय आहेच."

सवय! होती ना. आठ वर्षं होती. टेसनाजवळच्या गॅरेजात मी मिस्त्री होतो आणि ही मोटर माह्याच हाताखाली जित्ती राह्यली. बिघडली की सेठचा मुनीम मले बोलवायले ये. पह्यले सीटवर पोतं आंथरे, मग मी त्याच्यावर बसून इंजन तपासाव. खाली घुसून मी तेल खाल्लं, गिअर खोलले, कार्बोरेटर फुकून साफ केला. तेव्हा इटाळ झाला नाई. इंजनाले माहा हात चाले, सीटले माहं ढुंगण चालत नव्हतं. असला कसला धरम बाप्पा या लोकायचा!

आणि मी बसलो. खोटं काऊन बोलू? आदल्या साली नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलतो, देव नदीत सोडले होते, तरी त्याच पोत्यावर बसत होतो. तोंडात बुद्धं सरणं आणि बुडाखाली सेठचं पोतं. थू माह्या जिंदगानीवर.

पण त्या दिवशी गोष्ट पोटाची होती. गॅरेजची नौकरी मी सोडून आलतो. बायकोनं हातातले चांदीचे गोट मोडू देल्ले होते. ही मोटर वर्ध्याहून आर्वीपर्यंत भाड्यानं चालवायची, कोण्या मालकाच्या दारात उभं राहायचं नाई, एवढंच आमचं सपन. सेठसंगं भांडून मोटर हातची गेली असती तं चूल इझली असती.

संगं माहा बाप होता. त्यानं याच जिनिंगात उभा जलम रुईच्या गाठी उचलल्या. त्यानं माही बाही ओढली.

"चाल ना बाप्पा. इंजन तं भेटलं. सीटच्या जागी फळी ठोकून घेऊ."

खरं सांगतो, माहे पाय वळले होते. फळी किती लांबीची लागन, हेही मनात मोजून झालतं.

तेवढ्यात चौकीदार राकेलचा डबा घेऊन कडुलिंबाखाली गेला. मी सीटकडे पाह्यलं. तिचं चामडं एका कोपऱ्यात फाटलं होतं, ते मीच शिवलं होतं, खाली मातीत बसून. माहं टाळकंच सरकलं. गेलो आणि त्या सीटवर जाऊन बसलो. मधोमध. तेलकट पँट घालून, मांडी ठोकून.

गाठी उचलणारे जागच्या जागी थांबले.

"ऊठ! ऊठ बे!" सेठ ओरडला.

"सीट माही आहे. मोटर घेतली, तिच्यातच सीटही आली. उठवाचं असन तं हात धरून उठवा."

हात धरून! सेठनं मुनीमाकडे पाह्यलं. मुनीम आंघोळ करून, कपाळाले गंध लावून आलता. त्यानं चौकीदाराकडे पाह्यलं. चौकीदार डब्याकडे पाहून राह्यला. मले उठवाचं म्हणजे मले शिवा लागे, आणि शिवाले कोणी तयार नाई. शिव्या देल्ल्या, मायबहीण काढली, पण पाऊल कोणी पुढं टाकलं नाई. ज्या इटाळानं माह्या आज्यापणज्यायले विहिरीपासून दूर ठेवलं, त्याच इटाळानं हे तीन धट्टेकट्टे माणसं माह्यापासून दूर बांधून ठेवले. मले हसू फुटलं. रागानं सीटवर थापा मारत मी खदाखदा हसत होतो.

ऊन चढलं. शेवटी सेठ थुंकला. "घेऊन जा. बाटल्याच आता." आणि आत गेला.

दोन्ही सीटा मी बसवल्या. नट कसले. इंजन चालू कराचं हँडल घेऊन मोटरीसमोर उभा राह्यलो आणि बापाले म्हटलं, "बाबा, बसा समोर."

तो मागच्या बाजूनं चढून खाली पायाजवळ बसाले लागला. "मले खालीच बरं आहे."

"तुम्ही समोर, सीटवर बसल्याबिगर मी हँडल मारत नाई."

"सेठ खिडकीतून पाहून राह्यले रे."

"पाहू द्या."

बाप बसला. दोन बोटंभर बूड सीटवर, बाकी सारा अधांतरी. डोळे मिटून, आता पाठीत काठी बसन असा. मी मोटर फाटकाबाहेर काढली. नाक्यावर म्हटलं, "बाबा, पाठ टेकवा." त्यानं नाई टेकवली. गावापर्यंत नाई टेकवली.

सेठचा राग आलाच. पण बापाच्या त्या बसण्याचा जो राग आला, तो आजही उतरला नाई. माह्या बापाले असं बसाले शिकवणाऱ्यायले मी माफ करणार नाई, आणि त्यात आठ वर्षं बापाच्या देखत पोत्यावर गप बसलेला मीही आलो.

तेव्हाच ठरवलं. माह्या मोटरीत जो आधी येईन तो समोर बसन. सेठचा लेक असो का आमच्या वस्तीतली म्हातारी. कोणी कोणासाठी उठणार नाई. आणि ज्याले दुसऱ्याले उठवाचं असन, त्याले तिथंच रस्त्यावर उतरवून देईन. आर्वी पायी किती लांब आहे, ते त्याच्या पायायले समजू दे.