कमरेच्या उंचीवरची दोरी

स्नायूंच्या दुखण्याच्या ओपीडीत मी नंबर यायची वाट पाहत बसले होते. समोरच्या गृहस्थांना बाकावरून उठता येईना. बायकोनं सवयीनं दोन्ही काखांत हात घालून त्यांना उभं केलं. "लग्नात पंगतीवरून उठता येईना, तेव्हा लगेच इथं आणलं यांना," ती म्हणाली.

माझ्या शेजारची बाई एकटीच आली होती. "माझे हात वर जाईनात. काठीनंसुद्धा साडी दांडीवर टाकता येईना. घरचे म्हणाले, थायरॉईड आहे ना, त्यानंच. मग म्हणाले, शुगर. मग म्हणाले, वय झालं."

दुखणं दोघांचं तेच, स्नायूंना आलेली सूज. पण बाईच्या अंगात त्याला दडायला आडोसे किती! एका आजारामागे दुसरा, आणि सगळ्यांवर घरकामाच्या थकव्याचं पांघरूण. पुरुषाचं न उठणं चार माणसांत दिसतं. बाईच्या न पोचणाऱ्या हातांना ओल्या कपड्यांखेरीज साक्षीदार नसतो.

"मग आता कपडे कुठं वाळत घालता?" मी विचारलं.

"कमरेच्या उंचीवर दोरी बांधलीय."

"घरच्यांनी बांधून दिली?"

ती हसली. "त्यांना ती जाता-येता आडवी येते. रोज सोडून ठेवतात. मी पुन्हा बांधते."